अडगळीच्या खोलीतली आफ्रिका : संस्थेच्या संचालक मंडळास खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि संचालक मंडळ,

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीत मला आपल्या कार्यालयाकडून खुलासा मागणारं पत्र आलं. चार दिवसांत मी लेखी खुलासा दिला, त्याची पोच माझ्याकडे आहे. पुढे काहीच कळलं नाही. पालकसभेत विषय काढला तर 'हा संस्थेचा अंतर्गत मामला आहे' असं सांगून पुढचा विषय घेतला गेला. पण आफ्रिकेच्या कलेवर मी भरवलेल्या प्रदर्शनातली नववीच्या मुलांची 40 चित्रं, मातीकाम आणि मराठीत लिहिलेली 35 कार्डं व्हरांड्यातून रातोरात उतरवून अडगळीच्या खोलीत टाकली. ती का उतरवली, हे त्या मुलांना आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. आता हा मामला अंतर्गत कसा म्हणायचा? म्हणून हे उघड पत्र. संस्थेचं आणि गावाचं नाव घालत नाही, ओळखणारे ओळखतील.

मी या शाळेत 17 वर्षं चित्रकला शिकवते. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेला ए ग्रेड आली की दहावीला 7 गुण वाढतात, तेवढ्यापुरती आपल्याला माझी आठवण होते, याबद्दल माझी तक्रार नाही. सवय झाली आहे. तक्रार वेगळी आहे, आणि ती स्नेहसंमेलनापासून सुरू होते.

डिसेंबरमध्ये आपल्या मंचावर पाचवी-सहावीच्या मुलांनी 'आफ्रिकन डान्स' केला. 14 मुलं. तोंडाला आणि दंडाला काजळ-तेल, ओठांभोवती पांढरा रंग, कमरेला सुतळी सोडलेली गोणपाटं, हातात थर्माकोलचे भाले, मधूनमधून 'झिंगालाला'. आफ्रिकेत 54 देश आहेत, त्यांतल्या कुठला हा नाच, असं मी तालमीच्या वेळी विचारलं होतं. 'बाई, गंमत आहे ती' असं उत्तर मिळालं. पहिल्या चार रांगांत आपण सगळे होतात. नाचाला दुसरं बक्षीस मिळालं. मागे डाव्या बाजूला मुरुडकडचे एक सिद्दी आजोबा, म्हणजे ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतूनच आले त्यांतले, नातवाला घेऊन बसले होते. नाच संपायच्या आधीच ते उठले. कदाचित शेवटची एसटी गाठायची असेल. मी विचारलं नाही, विचारायला तोंडच नव्हतं.

बरोबर सहा आठवड्यांनी माझं प्रदर्शन उतरवलं गेलं आणि पत्रात पहिलं कारण दिलं होतं : 'आफ्रिका हा विषय अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.'

साहेब, आफ्रिका आपल्या शाळेत शिकवली जातेच. दर दोन-तीन वर्षांनी, मंचावर, माइक लावून, पालकांसमोर. ती कुणाकडून शिकायची एवढाच प्रश्न आहे : काजळाच्या डबीकडून, की ज्यांनी त्या वस्तू घडवल्या त्यांच्या वस्तूंकडून?

आणि आपण बसलो आहोत तो मुलूख कुठला? जुन्या कागदांत याच किनाऱ्याला 'हबसाण' म्हटलेलं आहे. हबश म्हणजे आजचा इथिओपिया आणि आसपासचा प्रदेश. जंजिऱ्यावर सिद्दींचं राज्य होतं आणि ते संस्थान 1948 साली विलीन झालं. मी शाळेत असताना मलिक अंबर 'हबशी सरदार' एवढाच ऐकला. तो इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकला जात दख्खनमध्ये पोचला आणि निजामशाहीचा कारभारी झाला, हे मला बी.एड. झाल्यावर कळलं. मालोजीराजे, शहाजीराजे ज्या दरबारात वाढले तिथला हा माणूस. आपल्याकडे तो धड्यात येतो आणि त्याचा खंड मंचावर गोणपाट नेसून येतो.

आता मी नेमकं काय शिकवलं ते सांगते, कारण पत्र लिहिणाऱ्याने प्रदर्शन बघितलं असेल असं वाटत नाही.

अमेरिकेतल्या, युरोपातल्या मोठ्या संग्रहालयांनी आपल्या वस्तूंचे फोटो लोकांसाठी खुले केले आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 मध्ये पावणेचार लाख चित्रं खुली केली, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनने 2020 मध्ये 28 लाख. 'डिजिटल बेनिन' म्हणून एक संकेतस्थळ 2022 मध्ये सुरू झालं. बेनिन या जुन्या आफ्रिकी राज्यातल्या, 20 देशांतल्या 131 संस्थांत विखुरलेल्या 5,000 हून जास्त वस्तू त्यावर एकत्र बघता येतात. त्या राज्याच्या एदो भाषेतली त्यांची मूळ नावंही तिथे दिली आहेत. मी सुट्टीत मोबाइलवर हे सगळं चाळलं, निवडक फोटो झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्री आकारात रंगीत काढून घेतले, आणि प्रत्येकाबरोबर मराठीत एक कार्ड लिहिलं : वस्तू कशाची, कुणी केली, कशी वापरायचे, आता कुठे आहे, तिथे कशी पोचली. खर्च 1,860 रुपये, माझा.

आपल्या पत्रातला दुसरा आरोप होता 'परदेशी संस्थांचं साहित्य विनापरवाना वापरलं'. ज्या चित्रांवर सीसी झीरो असं लिहिलेलं असतं ती वापरायला परवानगी लागतच नाही. म्हणूनच ती खुली म्हणतात. मी छापलेल्या प्रत्येक चित्राच्या मागे ते कुठून घेतलं आणि वापराची अट काय, ते पेन्सिलीने लिहिलं आहे. खोली उघडून, उलटवून पाहावं. हा मुद्दा मी इथेच संपवते.

तिसरा आरोप फरशीचा. फरशीवर मेण सांडलं हे खरं आहे. कसं सांडलं ते ऐका.

घानातल्या असांते लोकांकडे सोन्याची पूड चलन म्हणून चालायची. ती तोलायला पितळेची वजनं असत, बोटाच्या पेराएवढी. कुठलं मासा, कुठलं पक्षी, कुठलं नुसती नक्षी, आणि कितीकांच्या मागे एक म्हण. एका पोटाच्या दोन मगरी त्यांच्या चिन्हांत असतात : खाल्लेलं जातं एकाच पोटात, तरी तोंडं भांडतात. हे सांगितल्यावर वर्गात जे हसू फुटलं त्यात भावकीची सगळी भांडणं होती. ही वजनं मेणाची घडवत, त्यावर माती लिंपत, भाजून मेण बाहेर काढत आणि त्या पोकळीत पितळ ओतत. आपल्याकडे बस्तरचे डोकरा कारागीर करतात ती हीच रीत. पण असांते कारागिरांची एक गंमत आहे. ते कधी कधी मेण घेतच नसत. खरा भुंगा, खरी भुईमुगाची शेंग घ्यायची, तिच्यावर माती लिंपायची, भट्टीत शेंग जळून जायची आणि तिच्या जागी पितळ. शेंगेवरची जाळीसुद्धा जशीच्या तशी उतरते.

आम्ही पितळ कुठून आणणार? शाडू, मेणबत्त्या आणि प्लास्टर. बाहेर विटांच्या चुलीवर साचे तापवले. 11 साचे तडकले, 6 धरले. एकीने शेंगेचा साचा केला होता. राख झटकून तिने भोकातून आत बघितलं आणि म्हणाली, 'बाई, शेंग नाहीये, पण शेंगेची जागा आहे.' 17 वर्षांत ओतकामाची इतकी नेमकी व्याख्या मला करता आली नव्हती. दोन साचे मुलांनी घाईघाईने प्रयोगशाळेत आणले, तेव्हा मेण सांडलं. शनिवारी आम्ही ते उलथन्याने खरवडून काढलं. डाग राहिला आहे, साधारण बशीएवढा. त्याची भरपाई पगारातून कापून घ्यावी.

चौथा आरोप : 'मुखवटे भीतिदायक असून लहान मुलांच्या मनावर परिणाम होईल.' शिमग्याला संकासुर दारात येतो तेव्हा आपण लेकरांना आत कोंडतो का? बोहाड्याला जव्हारकडे घराघरांतून मुखवटे निघतात, कुठला मुखवटा कुठल्या घराने नाचवायचा ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. तो मुखवटा खिळ्याला टांगला की निम्मा मेला, हे कोकणातल्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. मी सिएरा लिओनच्या मेंदे बायकांचा काळा चकचकीत मुखवटा दाखवला. आफ्रिकेत मुखवटे बहुतेक ठिकाणी पुरुष घालतात, हा मात्र बायका घालून नाचतात. गळ्याला वळ्या, बारीक बंद तोंड, उंच केशरचना. मुलींनी विचारलं, बाकी अंगावर काय? संग्रहालयात नुसतं डोकं ठेवलेलं असतं. खाली काळ्या धाग्यांचा अंगभर झगा असतो. मग आम्ही संपूर्ण माणूस काढला, नाचताना. ती चित्रं उतरवली गेली त्यांत सगळ्यात वर होती.

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते एका तासाबद्दल, कारण त्याचा आपल्या पत्रात उल्लेखही नाही.

2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली. आपल्या शाळेत त्या दिवशी साखर वाटली होती. ती तीन वर्षांसाठी आली आहेत, उसनी. आता हे बघा : त्याच वर्षी, त्याच संग्रहालयाने, ब्रिटिश म्युझियमच्या जोडीने, असांते राजांच्या 32 वस्तू घानातल्या कुमासी शहरात पाठवल्या. त्याही तीन वर्षांसाठी, उसन्या. 1874 च्या लढाईत इंग्रजांनी कुमासीचा राजवाडा लुटला होता, आणि त्यातलं सोनं त्याच वर्षी लंडनमध्ये लिलावात विकलं गेलं. मी फळ्यावर दोन रकाने आखले, सातारा आणि कुमासी. संग्रहालय एक, साल एक, मुदत एक.

वर्ग पाच मिनिटं गप्प होता. मग सगळे एकदम बोलायला लागले. 'लुटलेलं उसनं कसं देतात?' एकाने सांगितलं की वाघनखं लुटलेली नाहीत. त्याचं बरोबर होतं. ती ज्या पेटीत आहेत तिच्यावर लिहिलं आहे की पेशव्यांच्या कारभाऱ्याने ती साताऱ्याच्या इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफला दिली. 'पेशवाई बुडाल्यावर रेसिडेंटाला दिलेली वस्तू भेट म्हणायची का?' हा पुढचा प्रश्न, आणि तो माझा नव्हता. मी फक्त माहिती पुरवत राहिले : इंग्लंडच्या कायद्यानं या दोन संग्रहालयांना वस्तू कायमच्या देऊन टाकायला जवळपास मनाईच आहे. पण लंडनमधल्याच हॉर्निमन संग्रहालयावर ते बंधन नाही, आणि त्याने 2022 मध्ये बेनिनच्या 72 वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. जर्मनीनेही त्याच वर्षी मोठ्या संख्येने मालकी सोडली. हे ऐकल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, 'म्हणजे द्यायचं तर देता येतं.'

बेनिन म्हणजे आज नायजेरियात असलेलं राज्य, शेजारच्या बेनिन नावाच्या देशाशी गल्लत करू नये. तिथल्या राजवाड्याच्या खांबांवर पितळी फलक ठोकलेले असत. 1897 मध्ये इंग्रजी फौजेने शहर जाळलं आणि हजारो वस्तू उचलून नेल्या. त्यातल्या 900 च्या आसपास एकट्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यातल्या काही फलकांवर लांब केसांचे, टोकदार नाकाचे, शिरस्त्राण घातलेले पुरुष आहेत. कोर्लईच्या एका मुलाने बघताक्षणी ओळखलं : 'बाई, हे तर आमचे पोर्तुगीज!' बरोबर. रेवदंड्याला आणि कोर्लईला ज्यांनी तट बांधले त्याच राजाची माणसं सोळाव्या शतकात बेनिनला पितळेची कडी विकत होती, आणि तिथले ओतारी ती वितळवून त्याच पोर्तुगिजांची चित्रं ओतत होते. चौलच्या उत्खननात मिळालेल्या मण्यांची काच आणि केनियाच्या किनाऱ्यावर सापडलेल्या कितीतरी मण्यांची काच एकाच जातीची निघाली आहे. या अभ्यासात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संशोधकही होते. हे सगळं 'अभ्यासक्रमाबाहेरचं' असेल तर अभ्यासक्रमाच्या आत आपलं अंगण तरी आहे का, अशी शंका येते.

एकच गोष्ट आणखी. काँगोतल्या लुबा लोकांकडे 'लुकासा' असते. हाताच्या पंजाएवढी लाकडी पाटी, तिच्यावर मणी आणि खिळे. जाणकार माणूस ती डाव्या हातात धरतो, उजव्या हाताचं बोट फिरवत राजांच्या वंशावळी, गावं, वाटा सांगत जातो. मुलांनी प्लायवूडच्या तुकड्यांवर आपापल्या वाड्यांच्या लुकासा केल्या. कोळीवाड्यातल्या एका मुलीने छान सुरुवात केली, निळा मणी जेट्टी, दोन पांढरे म्हणजे बर्फाचा कारखाना, आणि पिवळ्या मण्यावर येऊन अडकली. तिला आठवेचना. मागून कुणीतरी ओरडलं, 'अगं, तो तुझ्या आज्याचा मचवा!' संग्रहालयांतल्या कित्येक लुकासांचं हेच झालं आहे. लाकूड आणि मणी जपले आहेत, मागून ओरडणारं माणूस सोबत गेलं नाही.

राहिलेल्या तक्रारी थोडक्यात. सातवी ते नववीचा चित्रकलेचा आठवड्यातला एक तास शिष्यवृत्तीच्या आणि गणिताच्या जादा तयारीला दिला, मला विचारलं नाही. डिजिटल वर्गाच्या फळ्यावर 'बाहेरच्या साइट' उघडायला मनाई केली, पण त्याच फळ्यावर क्रिकेटचा सामना दाखवलेला मी पाहिला आहे (मीही पाच मिनिटं उभी राहिले, खोटं कशाला बोलू). आणि 2024 च्या जानेवारीतली सहल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तेव्हा इजिप्त, असीरिया, ग्रीस आणि रोमच्या प्राचीन मूर्ती आलेल्या होत्या. मी परवानगीचा अर्ज केला होता, मुलांना नकाशावर इजिप्त दाखवला होता. तो आफ्रिकेत आहे हे निम्म्या वर्गाला पटतच नव्हतं. आयत्या वेळी सहल वॉटर पार्कला गेली. मुलांनी मजा केली, नाही म्हणत नाही. पण त्या मूर्ती ऑक्टोबरमध्ये परत गेल्या आणि ती मुलं आता शाळेतून बाहेर पडली.

माझ्या मागण्या :

1. उतरवलेलं प्रदर्शन मुलांच्या हस्ते पुन्हा व्हरांड्यात लावू द्यावं, किमान आठवडाभर, कार्डांसकट. ते का उतरवलं होतं, हे वर्गात येऊन कुणीतरी जबाबदार माणसाने सांगावं. मी सांगणार नाही.

2. स्नेहसंमेलनात कुठल्याही लोकांचा रंग तोंडाला फासून नाच बसवला जाणार नाही, असं लेखी परिपत्रक काढावं. त्याऐवजी घानाचा, मालीचा, कुठलाही एका ठिकाणचा नाच शिकून बसवायचा असेल तर वेशभूषेची जबाबदारी मी घेते.

3. काढून घेतलेला तास परत द्यावा आणि डिजिटल वर्ग आठवड्यातून एकदा कलेसाठी खुला ठेवावा. छपाईसाठी वर्षाला 2,000 रुपये मंजूर करावेत. मागचे 1,860 मी मागत नाही.

4. वर्षाआड एक सहल वस्तुसंग्रहालयाची असावी. ते जमत नसेल तर मुंबईच्या याच वस्तुसंग्रहालयाची फिरती बस 2015 पासून शाळाशाळांत जाते, तिला बोलावण्याचं पत्र संस्थेच्या सहीने जावं. मसुदा मी दिलेला आहे, कार्यालयात आवक क्रमांकासह आहे.

5. माझ्या खुलाशावर निर्णय कळवावा. शिक्षा असेल तर तीही लेखी.

आपल्यापैकी दोघांची नातवंडं माझ्या वर्गात आहेत. त्यांनी घरी काय सांगितलं असेल ते मला माहीत नाही, पण जेवायला बसल्यावर एकदा विचारून बघावं. त्यातल्या एकाची पितळी रंगाने रंगवलेली प्लास्टरची मगर त्या ढिगात आहे, शेपटीकडून जराशी फुटलेली.

अडगळीच्या खोलीची किल्ली शिपाईमामांकडे असते. खोलीचं छप्पर कुठे गळतं ते त्यांना विचारा. बरोबर मधल्या वाशाखाली, जिथे चित्रं ठेवली आहेत. कार्डं साध्या कागदाची आहेत आणि जलरंग पाण्याने उतरतात. दहा जूनच्या आसपास आपल्याकडे पाऊस धरतो. उत्तर त्याआधी यावं, एवढी विनंती.

आपली,
चित्रकलेच्या बाई